छत्तीस सेकंद

(प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आधी एक विनंती. मी आता थोडा वेळ गप्प बसणार आहे. तुम्हीही नुसते बसा. मोबाइल काढायचा नाही.

झालं. एवढ्यात मी घोटभर पाणी प्यायलो, चष्मा पुसला, मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. छत्तीस सेकंद. अमेरिकेच्या ओहायो राज्यात, जनरल मोटर्सच्या लॉर्ड्सटाउनच्या कारखान्यात एवढ्या वेळात गाडी तुमच्यापुढे येणार, तुम्ही तिच्यावरचं तुमचं काम उरकणार आणि ती पुढे सरकणार. तोवर दुसरी दारात. लाइन ठरवल्याप्रमाणे पळाली, तर आठ तासांत आठशे. त्या गाडीचं नाव शेवरले व्हेगा.

साठच्या दशकात अमेरिकेतलं छोट्या गाडीचं गिऱ्हाईक फोक्सवॅगन बीटलनं पळवलं होतं, मागून जपानी गाड्या येतच होत्या. ऑक्टोबर १९६८ मध्ये जनरल मोटर्सचे तेव्हाचे प्रमुख जेम्स रोश यांनी जाहीर करून टाकलं की दोन वर्षांत आमची छोटी गाडी येतेय. तारीख आधी, गाडी नंतर! कारखान्यात काम केलेल्या माणसाला इथंच पोटात गोळा येतो. आणखी एक गोम होती. शेवरले हा जनरल मोटर्सचाच एक विभाग; एरवी शेवरलेची गाडी शेवरलेचेच इंजिनिअर करायचे. ही मुख्य कार्यालयातल्या इंजिनिअरांनी, कंपनीचे बडे अधिकारी एड कोल यांच्या देखरेखीखाली केली आणि शेवरलेच्या हातात आयती ठेवली. शेवरलेचे तेव्हाचे प्रमुख जॉन डीलॉरियन यांनी पुढे सांगितलं आहे, की चाचणीच्या ट्रॅकवर पहिल्या नमुन्याचा पुढचा भाग आठ मैलांतच तुटला. डीलॉरियन तिखटमीठ लावून बोलणारे होते हे खरं. पण दुसऱ्याचं पोर सांभाळायला घेतल्याची जी कुरकुर त्यांच्या बोलण्यात आहे, ती मला ओळखीची वाटते.

इंजिनवर जरा थांबू या, कारण तिथं खरी हुशारी होती. ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि सिलिंडरमध्ये लोखंडी लायनरच, म्हणजे आतलं अस्तरच, नाही. धातूत सुमारे १७ टक्के सिलिकॉन. बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, घासूनपुसून झाला की रसायनानं वरचं ॲल्युमिनियम किंचित खाऊन टाकायचं, म्हणजे सिलिकॉनचे कठीण कण जरासे वर राहतात. आपल्या आजीचा पाटा गुळगुळीत झाला की टाकवून घ्यायचे ना, तसंच, पण हाताला कळणार नाही इतकं बारीक. पिस्टन त्या कणांवरून घसरतो आणि मधल्या खाचांत तेल टिकतं. कल्पना खोटी नव्हती. पुढे पोर्शनं ९२८ मॉडेलचं इंजिन याच जातीच्या मिश्रधातूत, लायनरशिवाय केलं आणि ते नावाजलं गेलं.

मग व्हेगाचं बिनसलं कुठं? खाली ॲल्युमिनियमचा ब्लॉक, वर बिडाचं हेड. तापल्यावर दोघं सारखे फुगत नाहीत. त्यात बेताचा रेडिएटर. पाणी थोडं कमी झालं आणि मालकाचं लक्ष नसलं, की ब्लॉक वाकडा, दोघांमधली गळती अडवणारं गॅस्केट गेलं. व्हॉल्व्हची सीलं गळायची ते वेगळंच, गाडी धूर ओकत तेल प्यायची. पुढचे फेंडर गंजायचे. १९७२ मध्ये एकामागून एक रिकॉल (विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावणं) निघाले, त्यातला एक मागच्या अ‍ॅक्सलसाठी, कारण चाकच निसटायची भीती होती. तो पाच लाखांवर गाड्यांचा.

पण १० सप्टेंबर १९७० ला गाडी बाजारात आली, तेव्हा यातलं काही दिसत नव्हतं. मोटर ट्रेंड मासिकानं तिला वर्षातली सर्वोत्तम गाडी ठरवलं. चारच दिवसांनी जनरल मोटर्समध्ये देशभर संप सुरू झाला, तो दोन महिन्यांवर चालला. तो संप पगाराचा होता. लॉर्ड्सटाउनचा स्वतःचा संप पुढे आला, आणि तो वेगळ्या गोष्टीसाठी होता.

तेव्हा अमेरिकेत चांगली लाइन म्हणजे तासाला साठ गाड्या. माणसाला एक मिनिट मिळतं. लॉर्ड्सटाउनला वेल्डिंगसाठी युनिमेट रोबो उभे केले आणि आकडा शंभरावर नेऊन ठेवला. रोबोला त्याचं काही नाही. बाकीच्या ठिय्यांवर माणसंच होती, तीही पंचविशीच्या आसपासची, लांब केसांची, काही नुकतीच व्हिएतनामहून परतलेली. ऑक्टोबर १९७१ मध्ये कंपनीच्या असेंब्ली विभागानं कारखाना ताब्यात घेतला आणि शेकडो माणसं कमी केली. नक्की किती, यावर कंपनी आणि युनियन यांचं कधीच जमलं नाही. काम तेवढंच, हात कमी. लेखी तक्रारींचा आकडा पाच हजारांवर गेला. मागच्या आवारात अर्धवट गाड्यांची रांग लागायला लागली. व्यवस्थापन म्हणे, पोरं मुद्दाम नासधूस करतात. पोरं म्हणत, वेळच पुरत नाही. मार्च १९७२ मध्ये संप झाला आणि २२ दिवस कारखाना बंद राहिला.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजूंत थोडंथोडं खरं असणार. मी नोकरीला लागलो त्या कारखान्यात एकदा सायकल टाइम, म्हणजे एका गाडीमागे मिळणारा वेळ, फक्त चार सेकंदांनी कमी केला होता. चार! आठवड्याभरात रिवर्कच्या, म्हणजे चुकलेलं काम पुन्हा करायच्या, जागेत पाय ठेवायला जागा नव्हती. एका गाडीखाली मी स्वतः शिरलो. तीन बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून बसलेले, चौथा नुसता बोटानं फिरवून सोडलेला. तो वर्कर आमच्याकडचा सगळ्यात चोख माणूस होता. मला म्हणाला, ‘साहेब, तिसऱ्यालाच गाडी निघून जाते.’ आमच्या साहेबांनी त्याला नोटीस दिली.

१९७४ मध्ये तेलाचे भाव भडकल्यावर व्हेगाचा खप सगळ्यात वर गेला, साडेचार लाखांच्या आसपास. १९७६ मध्ये इंजिन सुधारून पाच वर्षांची किंवा साठ हजार मैलांची हमी दिली. नाव तोवर गेलं होतं. सात वर्षांत साधारण वीस लाख गाड्या निघाल्या, आणि १९७७ नंतर निघाल्या नाहीत. लॉर्ड्सटाउन मात्र छोट्या गाड्याच करत राहिलं: कॅव्हेलिअर, कोबाल्ट, शेवटी क्रूझ. मार्च २०१९ मध्ये शेवटची क्रूझ बाहेर पडली. याच कंपनीचा आपल्या तळेगावचा कारखाना त्यानंतर पावणेदोन वर्षांनी थांबला, ते इथल्या काहींच्या घरात ठाऊक असेल.

जाता जाता रेल्वेचं सांगतो, कारण मला त्याचं फार कौतुक आहे. वाहतूक स्वस्त पडावी म्हणून व्हेगा डब्यात उभ्या करून नेत, नाक खाली, शेपूट वर. जिथं अठरा गाड्या मावायच्या तिथं तीस. त्यासाठी गाडीच बदललेली: इंजिनातलं तेल पुढे वाहू नये म्हणून चेंबरमध्ये आडवी पट्टी, बॅटरीची झाकणं सरकवलेली, काच धुण्याच्या पाण्याची बाटली तिरकी. सगळी द्रवं भरलेली गाडी डब्यातून उतरवायची आणि चालवत न्यायची. त्या डब्यांत व्हेगा आणि तिच्याच साच्यातली पाँटिॲक ॲस्ट्रे सोडून दुसरी कुठलीच गाडी बसत नव्हती. व्हेगा बंद झाली तेव्हा वरचे सांगाडे भंगारात गेले आणि खालच्या सपाट वाघिणी दुसऱ्या मालाला लावल्या.

विचारा आता.