भजीचा दोष नव्हता

नमस्कार श्रोतेहो. स्टेंट, म्हणजे अरुंद झालेली धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, बसवल्यावर तीच धमनी पुन्हा का अरुंद होते, आणि ते डुकरांमुळे कसं कळलं, हा आजचा विषय. पण आधी माझ्या मामांची गोष्ट.

2001 साल. मामा ठाण्याला नौपाड्यात राहायचे. हृदयाच्या धमनीत साधा, औषध न लावलेला स्टेंट बसवला होता. तंबाखू सोडली ती सोडलीच. रोज संध्याकाळी तलावपाळीला दोन फेऱ्या. (फेरी मारताना फोनवर बोलू नये असं माझं ठाम मत आहे. चालताना श्वासाकडे लक्ष हवं.) पाचव्या महिन्यात एकदा मी सोबत होते. गडकरी रंगायतनसमोर मामा थांबले, कठडा घट्ट धरला. कपाळावर घाम. "अगं, छातीवर परत तोच दगड."

रिक्षात माझा हात धरून हळूच म्हणाले, "मामीला सांगू नकोस. रविवारी कांदाभजी खाल्ली. दोन प्लेट."

अँजिओग्राफीत दिसलं, स्टेंटच्या आतच धमनी अरुंद झाली होती. मामांनी डॉक्टरांपुढे मान खाली घालून भजीची कबुली दिली. डॉक्टर म्हणाले, "भजीनं नाही झालं हे. तुमची जखम जरा जास्तच भरून आली."

पुन्हा सांगते श्रोतेहो, जखम जास्त भरून आली. फुगा फुगवून स्टेंट बसवताना धमनीचं अस्तर दुखावतं. मग भिंतीतल्या स्नायूपेशी आत सरकतात, वाढतात आणि जाळीच्या आत नवा थर धरतात. साध्या स्टेंटच्या काळात पुष्कळ रुग्णांना हा त्रास व्हायचा, बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच.

आधी प्रयोग उंदरांवर व्हायचे. सिलाझाप्रिल या रक्तदाबाच्या औषधानं उंदरांत थर रोखला, माणसांत नाही. डुकराचं हृदय मात्र आकारानं आणि धमन्यांच्या रचनेनं आपल्या बरंच जवळचं. 1990 च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये रॉबर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी डुकरांच्या धमन्यांत मापापेक्षा जास्त फुगवून तार बसवली, आणि काही आठवड्यांनी पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तार भिंतीत जितकी खोल रुतलेली, तितका थर जाड. पुढे 28 दिवसांनी तपासायची पद्धतच पडली. डुकराची धमनी तरुण, निरोगी असते, आपली आधीच आजारी, एवढा फरक धरावाच लागतो. तरी ज्या प्राण्याचं नाव आपण शिवी म्हणून घेतो, त्याचे हे उपकार. मला ती शिवी ऐकवत नाही.

याच वाटेनं सिरोलिमस आलं. रापा नुई बेटाच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं हे औषध पेशींची वाढ थोपवतं. ते लावलेला स्टेंट माणसाला पहिल्यांदा 1999 मध्ये ब्राझीलला बसवला. त्यानंतर जाळीच्या आतला थर खूपच कमी झाला. मात्र या स्टेंटवर अस्तर सावकाश चढतं, म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. पुन्हा सांगते, स्वतःच्या मनानं नाही.

मामांना तो स्टेंट मिळाला नाही. डॉक्टरांनी जुन्याच स्टेंटमध्ये फुगा फुगवून वाट मोकळी केली. पुढच्या रविवारी मामीनं स्वतः भजी तळली, आणि ताटात मोजून चार वाढली.