नळीचं एक टोक गावाच्या हातात

पाणलोटाचं काम केलेल्या मंडळींना हायड्रोमार्कर सांगायला नको. दोन काठ्या, त्यांना बांधलेली पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. दोन्हीकडचं पाणी एकाच खुणेवर आलं की त्या दोन जागा समपातळीत. आज याच नळीची आफ्रिकेतली हकीकत सांगतो.

बुर्किना फासोच्या उत्तरेला यातेंगा नावाचा प्रदेश आहे. मुख्य गाव वाहिगुया, वस्ती मोसी लोकांची, खाणं बाजरी-ज्वारीचं. १९७०च्या आसपासच्या दुष्काळांनी तिथली कित्येक शेतं टणक पडली. अशा उजाड, कवच धरलेल्या जमिनीला ते झिपेले म्हणतात. पाऊस पडतो, पण पाणी वरच्या वर वाहून जातं.

धूप थांबवायचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. १९६२ ते १९६५ या काळात एका मोठ्या योजनेत अवजड यंत्रं लावून सुमारे १,२०,००० हेक्टरांवर मातीचे बांध घातले गेले. शेतकऱ्याला कुणी विचारलं नाही. बांध कुणाचे, तर योजनेचे! मग फुटलेला बांध दुरुस्त कोण करणार? काही वर्षांत ते मोडून गेले.

१९७९मध्ये ऑक्सफॅम या ब्रिटिश मदतसंस्थेचा एक प्रकल्प तिथे सुरू झाला. हेतू झाडं लावण्याचा होता. पण अडवलेल्या पाण्यावर लोकांना आधी धान्य हवं होतं. मला या प्रकल्पाचं मोठेपण इथे वाटतं, की त्यांनी आपला हेतू बदलला. पाणी झाडांऐवजी बाजरीकडे वळलं. दगडांच्या ओळी घालण्याची रीत गावात जुनीच होती. अडचण एवढीच, की तिथला उतार इतका अल्प की डोळ्यांना कळत नाही. ओळ जरा तिरपी गेली की पाणी एका कडेने फोडून जातं. तिथे ही नळी कामाला आली. अक्षरओळख नसलेला शेतकरीही ती दोन-एक दिवसांत शिकायचा, आणि मग इंजिनिअरची वाट बघावी लागत नसे. दगडी ओळीतून पाणी झिरपतं, वेग मोडतो, गाळ आणि पालापाचोळा मागे राहतो.

दगड वेचणं हे एकट्याचं काम नव्हे. त्यासाठी माणसं जमवणारी संघटना तिथे आधीच उभी होती. बर्नार्ड लेदेआ वेद्राओगो हे शिक्षक. मोसी समाजात तरुणांनी एकत्र येऊन कामं करण्याची नाम नावाची परंपरा होती. १९६७पासून त्यांनी तिच्यातूनच गावगट उभे केले. बाहेरची सोसायटी आणून लावली नाही. पेरणी-कापणी उरकल्यावरचे कोरडे महिने गावाच्या कामी लावायचे, हा त्यांचा आग्रह.

याच भागातल्या गुर्गा गावचे शेतकरी याकुबा सावादोगो. पेरणीसाठी टणक जमिनीत खणलेल्या छोट्या खड्ड्यांना तिथे झाई म्हणतात. त्यांनी १९८०च्या सुमारास झाईचे जुने खड्डे अधिक रुंद आणि खोल केले, उन्हाळ्यातच त्यांत शेणखत घातलं. खताला वाळवी येते, वाळवी टणक जमिनीत भोकं पाडते, पहिलं पाणी त्यांतून मुरतं. आपण वाळवीला शत्रूच समजतो. यांनी तिला मजुरीला लावलं. शेजारी त्यांना वेडा म्हणाले, त्यांची उगवलेली झाडं जाळलीही गेली. ते पुन्हा लावत राहिले आणि त्या उजाड जागी साठांहून अधिक जातींचं जंगल उभं राहिलं. पुढे आसपासच्या गावांतले शेतकरी त्यांच्या शेतावर बी-बियाणं घेऊन जमू लागले. २०१८मध्ये त्यांना ‘पर्यायी नोबेल’ म्हणून ओळखला जाणारा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. वेद्राओगोंना तो १९९०मध्येच मिळाला होता. याकुबा २०२३च्या डिसेंबरात गेले.

गेल्या काही वर्षांत सशस्त्र टोळ्यांच्या हिंसाचारामुळे यातेंगातल्या अनेक गावांतून लोकांना घरदार सोडावं लागलं आहे, आणि हे सांगताना मला फार वाईट वाटतं. दगडाच्या ओळी काही वर्षं तशाच टिकतील. झाईच्या खड्ड्यांत मात्र पुन्हा पुन्हा खत घालावं लागतं, आणि त्यासाठी माणसं गावात असावी लागतात.