भाकरीची पाळी कुणाची?

(दृश्य : सातारा शहर, मागे अजिंक्यतारा. धनिणीच्या बागेकडे जाणारा रस्ता.)

मुलांना जबाबदारीची सवय छडीशिवाय कशी लागते, ते आज पाहू या. 25 फेब्रुवारी 1927. साताऱ्यात महात्मा गांधींच्या हस्ते एका वसतिगृहाचं नामकरण झालं. नाव ठेवलं, छत्रपती शाहू बोर्डिंग. ते सुरू होऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मुलं गरीब घरची, वेगवेगळ्या जातींची, आणि जेवायला बसायची एकाच पंगतीत. आज हे वाक्य आपण सहज वाचतो. पण तेव्हा गावच्या पाणवठ्यावर कुणी घागर बुडवायची हे जातीवरून ठरत होतं. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह व्हायला अजून काही आठवडे बाकी होते.

हे बोर्डिंग चालवत होते कर्मवीर भाऊराव पाटील. जन्म 22 सप्टेंबर 1887, कोल्हापूर जिल्ह्यातलं कुंभोज. शिकायला कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर आंघोळ करून 'शुद्ध' व्हायला त्यांनी नकार दिला, आणि त्या बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढे पोटासाठी ओगले काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे नांगर विकले. नांगर विकणारा माणूस गावोगाव फिरतो, बांधावर बसतो. शेतकऱ्याचं पोर शाळेत का टिकत नाही, हे त्याला कचेरीतल्या साहेबापेक्षा आधी कळतं.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग उभं राहिलं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. शेतात काम करणारी मुलं. पाठोपाठ स्वयंपाकघर, चूल, परातीतलं पीठ.)

या बोर्डिंगमध्ये नोकरचाकर नव्हते. स्वयंपाक मुलं करायची, झाडलोट मुलं करायची. बागेत राबायचं, खडी फोडायची, बांधकामावर जायचं, आणि शिकायचं. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, असं संस्थेनं पुढं लिहून ठेवलं, पण ते आधी चुलीपुढं ठरलं होतं.

जरा त्या चुलीपाशी थांबू या. आपल्या सगळ्या विषयाचं मूळ तिथं आहे.

ज्याची पाळी असेल त्यानं भाकरी केली नाही, तर बाकीच्यांनी उपाशीपोटी शाळेत जायचं. इथं पर्यवेक्षकानं ओरडण्याची गरजच पडत नाही. आपल्या कामावर कुणाचं तरी जेवण अवलंबून आहे, हे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एकदा कळलं की तो पहाटे आपसूक उठतो. दुसऱ्या आठवड्यात पाळी दुसऱ्याची. मग काल ज्यानं करपलेल्या भाकरीवरून कुरकुर केली, तोच आज धुरात डोळे चोळत असतो. हुकूम सोडणारा आणि हुकूम पाळणारा अशी कायमची विभागणी तिथं होऊच शकत नाही. आणि पीठ मळणारे हात कोणत्या जातीचे, या प्रश्नाचं उत्तर पंगतीत बसलेला प्रत्येक जण रोज दोनदा खाऊन देत असतो. जातिभेदाविरुद्धची शंभर भाषणं एका बाजूला आणि ही भाकरी एका बाजूला ठेवली, तर माझ्या लेखी भाकरीचं पारडं जड आहे.

या चुलीसाठी लक्ष्मीबाई पाटलांनी काय दिलं हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. बोर्डिंगमधलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या या पत्नीनं अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रसुद्धा गेलं. परजातीच्या मुलांना त्यांनी पोटच्या पोरांसारखं वाढवलं. 1930 साली त्या गेल्या. रयत संस्थेची माणसं त्यांना आजही रयतमाउली म्हणतात.

(दृश्य : महाविद्यालयाच्या आवारात ग्रंथालयात, बागेत काम करणारे विद्यार्थी.)

1940 मध्ये महाराजा सयाजीराव हायस्कूल, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज. संस्था वाढत गेली, काम करून शिकण्याची रीत तीच राहिली. या रीतीतून शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले, पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. 9 मे 1959 रोजी भाऊराव गेले. कर्मवीरांच्या नावानं 'कमवा व शिका' योजना आज विद्यापीठांत चालते आणि तिच्या जोरावर खेड्यातली मुलं वसतिगृहाचा खर्च भागवतात.

(दृश्य : अमळनेर. प्रताप हायस्कूलची इमारत.)

तिकडे खानदेशात, साताऱ्याचं बोर्डिंग उभं राहिलं साधारण त्याच सुमारास, दुसरा एक माणूस याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेनं गेला. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी 1924 पासून शिक्षक होते आणि छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती. मुलं शाळेत गेली की गुरुजी त्यांच्या खोल्या झाडायचे, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवायचे. कुणाला बोलायचे नाहीत. पहिले काही दिवस मुलांना गंमत वाटली असेल. मग लाज वाटली. मग खोल्या आधीच आवरलेल्या दिसू लागल्या. शिवाय ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक लिहायचे, रोज, स्वतःच्या हातानं. 1930 मध्ये सत्याग्रहासाठी नोकरी सोडेपर्यंत त्यांनी हे व्रत पाळलं.

दोघांच्या रीती वेगळ्या. भाऊरावांनी मुलांवर काम टाकलं, गुरुजींनी ते आधी स्वतः केलं. शिस्त लावण्यासाठी छडीची गरज दोघांनाही वाटली नाही.

(दृश्य : आजची जिल्हा परिषद शाळा. मैदानात रांगा. माइकपुढं उभी असलेली सहावीतली मुलगी.)

आता आजच्या शाळेत येऊ. घंटा होते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बातम्या. परिपाठ आपल्या ओळखीचा आहे. चांगल्या शाळेत तो पूर्णपणे मुलांच्या हातात असतो. शिक्षक रांगेच्या मागं उभे राहतात आणि एखादी बातमी अडखळत वाचली गेली तरी मध्ये पडत नाहीत. कालपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी मुलगी पाळी आली म्हणून माइकपुढं उभी राहते. पहिल्या दिवशी तिचा आवाज मैदानाच्या निम्म्यापर्यंतही पोचत नाही. दिवाळीपर्यंत पोचतो.

जून-जुलैमध्ये अनेक शाळांत शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक होते. उमेदवारी अर्ज भरले जातात, चिन्हं मिळतात, प्रचार होतो, बोटाला शाई लागते. हल्ली मोबाइलवरच मतदान यंत्र तयार करून मुलं बटण दाबतात. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री, क्रीडामंत्री, पोषण आहार मंत्री. शपथविधी होतो, छातीवर बिल्ले लागतात, फोटो निघतात, गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातात.

आणि पुष्कळ ठिकाणी मंत्रिमंडळ तिथंच संपतं. हे बोललं पाहिजे, कारण अर्धवट सोडलेली जबाबदारी मुलांना वाईट शिकवण देते. पद म्हणजे बिल्ला, एवढंच त्यांच्या मनात राहतं. त्याहून वाईट म्हणजे वर्गाचा मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, एवढंच त्याचं काम. त्यातून मुलाला पाळत ठेवायची सवय लागते आणि वर्गात दोन तट पडतात. मॉनिटरला हे काम देणं आजच थांबवता येईल. त्याला खडू-डस्टर सांभाळायला द्या, दोन दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी जाऊन चौकशी करायला सांगा, नव्यानं आलेल्या मुलाशेजारी बसवा. वर्ग त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागेल.

(दृश्य : दुपारची सुट्टी. नळापाशी हात धुणारी लहान मुलं, शेजारी साबण घेऊन उभा असलेला सातवीतला मुलगा.)

मंत्र्याकडे खरं काम असलं की काय होतं, ते पोषण आहाराच्या वेळी दिसतं. आरोग्यमंत्री नळापाशी उभा आहे. साबण संपला तर मुख्याध्यापकांकडे मागणं हे त्याचं काम, आणि तो मागतो. पहिलीतल्या पोरांचे हात धुऊन झाल्याशिवाय ताट मिळत नाही. पोषण आहार मंत्री खिचडीची चव घेते. मीठ कमी असेल तर मावशींना सांगते, आणि मावशी ऐकतात. सवय लागायला रोजची ठरलेली वेळ, ठरलेली जागा आणि हाताशी वस्तू लागते. साबण कपाटात कुलूपबंद असेल तर भिंतीवरच्या स्वच्छतेच्या सुंदर अक्षरांचा काही उपयोग नाही.

झाडलोटीबद्दल थोडं स्पष्ट सांगायचं आहे. आजही बऱ्याच शाळांत वर्ग मुली झाडतात आणि बाक मुलगे उचलतात. पाणी मुली भरतात, मैदान मुलगे आखतात. कुणी तसं सांगितलेलं नसतं, घरचं बघून ते आपोआप होतं. शाळेनं हे मोडलं नाही तर कोण मोडणार? म्हणून पाळीचा तक्ता भिंतीवर लागला पाहिजे आणि त्यात प्रत्येकाचं नाव पाहिजे, सरपंचांच्या नातवाचंही. शिक्षकांचं नाव असेल तर फारच चांगलं. अमळनेरची आठवण ठेवावी. झाडू कधीही शिक्षा म्हणून हातात देऊ नये. शिक्षण हक्क कायदा 2009 नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई केली आहे. पण त्यापलीकडचंही एक कारण आहे. जे काम शिक्षा म्हणून करावं लागतं, त्याचा मुलाला जन्मभर कमीपणा वाटतो, आणि ते काम करणाऱ्या माणसाचाही.

(दृश्य : सांगली जिल्हा, कडेगाव तालुका, मोहित्यांचे वडगाव. संध्याकाळ.)

शाळेनं लावलेली सवय घरी टिकते का? इथं गावानं उत्तर दिलं. 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून मोहित्यांच्या वडगावात संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. या निर्णयातली मोलाची गोष्ट म्हणजे बंदी मोठ्यांवरही आहे. मालिका पाहणाऱ्या आईनं आणि मोबाइल चाळणाऱ्या बापानं मुलाला 'अभ्यास कर' म्हणणं इथं थांबलं.

(दृश्य : शाळेच्या व्हरांड्यात गोल बसलेली मुलं. मध्ये एक वही.)

आपल्या राज्यात शाळा व्यवस्थापन समितीवर विद्यार्थ्यांचे दोन प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. ही जागा बहुतेक वेळा कागदावरच राहते. तिथं निवडून आलेल्या मुलांना बसवा. बैठक संध्याकाळी असेल तर ती मुलांच्या वेळेत घ्या. स्वच्छतागृहाची कडी तुटली आहे, मुली दिवसभर पाणी प्यायचं टाळतात, हे समितीला सगळ्यात आधी त्या मुलीच सांगू शकतील.

आणि थोडे पैसे त्यांच्या हाती द्या. शाळेच्या अनुदानातून नाही जमलं तर लोकवर्गणीतून महिन्याला शंभर-दोनशे रुपये. साबण आणायचा की बॉल, हे मंत्रिमंडळानं बैठकीत ठरवावं, वादावादी करून ठरवावं. जमाखर्च वहीत लिहावा, दुकानाची पावती चिकटवावी आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी परिपाठात तो सगळ्या शाळेपुढं वाचून दाखवावा. चौथीतल्या एखाद्यानं हात वर करून "बॉल एवढा महाग कसा?" असं विचारलं, तर त्याला गप्प बसवू नका. मंत्र्याला उत्तर देऊ द्या.