१३८ डॉलरची डार्करूम

(काळा पडदा. नळाच्या पाण्याचा आवाज. हळूहळू लाल उजेड, त्यात ट्रे हलवणारे हात.)

कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, एका युनिटची फी ४६ डॉलर आहे. युनिट म्हणजे कोर्स किती मोठा ते सांगणारं माप. फोटोग्राफीचा पहिला कोर्स बहुधा तीन युनिटांचा असतो, म्हणजे झाले १३८. राज्याच्या रहिवाशांसाठी हा दर २०१२ पासून तसाच आहे. कागद आणि फिल्मचा खर्च वेगळा, आणि तो कमी नाही. पण एन्लार्जर (फिल्मवरचं चित्र मोठं करून कागदावर पाडणारं यंत्र), वाहतं पाणी, वास ओढून घेणारे पंखे, मापून तयार ठेवलेली रसायनं आणि ‘परत छाप’ असं न कंटाळता सांगणारी बाई किंवा मास्तर, हे सगळं त्या १३८ डॉलरमध्ये येतं. सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याने राहणारा माणूस न्हाणीघरात डार्करूम, म्हणजे फोटो छापायची अंधारी खोली, थाटायला गेला, तर घरमालक त्याला दुसऱ्याच दिवशी बाहेर काढेल.

(कॉलेजचं आवार. पाठीवर सॅक, हातात मोठे पोर्टफोलिओ.)

अमेरिकेतलं सर्वांत जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज इलिनॉयमधल्या जोलिएट गावात १९०१ साली निघालं. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ आहेत. इथे दोन वर्षं काढायची, साठ युनिटं जमवायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचं, हा राजमार्ग. स्टुडिओ आर्टसाठीही अशी ठरलेली पदवी आहे.

प्रवेशाला मात्र परीक्षा नाही. आपल्याकडे जे. जे.ला जायचं तर सीईटी द्यावी लागते, आणि त्याआधी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ग्रेड मिरवून झालेल्या असतात. इथे ‘तुम्हाला चित्रकला येते का’ असं कोणी विचारतच नाही. त्यामुळे वर्ग भरतो तो असा: अठरा वर्षांचा मुलगा, रात्रपाळी संपवून आलेली नर्स, बस चालवून निवृत्त झालेले आजोबा, आणि एच-फोर व्हिसावर आलेली एखादी आपली मुलगी.

एच-फोर म्हणजे नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे मिळालेला व्हिसा. त्यावर पुष्कळांना नोकरी करता येत नाही, पण शिकायला वेगळा व्हिसा लागत नाही. राज्यात राहून एक वर्ष आणि एक दिवस झाला की रहिवासी म्हणून तोच ४६ डॉलरचा दर मागता येतो. तोवर कितीतरी पट जास्त. क्युपर्टिनोत, ॲपलच्या अंगणात म्हणावं इतक्या जवळ, डी अँझा कॉलेज आहे. त्या भागात मराठी घरं भरपूर. त्या घरांमध्ये सुनेच्या फोटोग्राफीला ‘तेवढाच टाइमपास’ म्हटलं जातं. म्हणणाऱ्यांनी एकदा डार्करूममध्ये चार तास उभं राहून बघावं.

(संपूर्ण अंधार. फक्त आवाज.)

पहिला धडा अंधाराचा. लाल दिवा छपाईच्या कागदाला चालतो. फिल्म त्याच उजेडात खराब होते. म्हणून कॅसेट उघडायची, फिल्म बाहेर काढायची आणि प्लास्टिकच्या रिळावर चढवायची, ती ठार अंधारात, बोटांच्या भरवशावर. आधी एखादी वाया गेलेली फिल्म घेऊन डोळे उघडे ठेवून सराव, मग डोळे मिटून, आणि मग खरी. खऱ्या फिल्मच्या वेळी बहुतेकांचे तळवे घामेजतात, आणि घाम लागला की फिल्म रिळात अडकते.

पुढचं काम घड्याळाचं आणि थर्मामीटरचं. डी-७६ हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, कोडॅकने १९२७ साली काढलं. अजून बऱ्याच वर्गांत तेच आहे. तापमान वीस अंश. रीळ ठेवलेली बंद टाकी दर मिनिटाला थोडी हलवायची. मग डेव्हलपरचं काम थांबवणारं, व्हिनेगरच्या वासाचं स्टॉप बाथ, मग चित्र पक्कं करणारं फिक्सर. आपल्याकडच्या जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी त्याचं नाव ‘हायपो’. चांदीचे क्षार या द्रावात विरघळतात हे शास्त्रज्ञ जॉन हर्शेलने १८१९ मध्येच शोधलं होतं. तेव्हा फोटोग्राफीचा जन्मही व्हायचा होता. वीस वर्षांनी फोटो टिकवायचा कसा हा प्रश्न आला, तेव्हा उत्तर तयार होतं.

(लाल उजेड. एन्लार्जरखाली कागद, त्यावर पुठ्ठा सरकतो.)

आता छपाई. आधी टेस्ट स्ट्रिप. कागदाची एक पट्टी, वर पुठ्ठा, आणि दर पाच सेकंदांनी पुठ्ठा थोडा सरकवायचा. पट्टी धुतली की पाच, दहा, पंधरा, वीस सेकंदांचे पट्टे शेजारी शेजारी दिसतात. त्यातला एक निवडायचा आणि पूर्ण फोटो छापायचा. चेहरा काळवंडला? मग तेवढ्या जागेवर हाताची सावली धरायची. आकाश पांढरंफटक? मग बाकीचं झाकून आकाशाला दहा सेकंद जास्त द्यायचे. फोनवर बोट फिरवून हेच होतं, खरं आहे. पण इथे चूक झाली की पुन्हा कागद, पुन्हा रसायनांचे तीन ट्रे. दुपार संपते तेव्हा हातात बरा म्हणावा असा एक प्रिंट असतो. मला हा वेग आवडतो. चौदा वेळा तोच फोटो पाहिल्यावर कोपऱ्यातली नको असलेली बादली एकदाची दिसते.

(चित्रकलेचा वर्ग. ईझल, कोळशाने काळे झालेले हात.)

शेजारच्या इमारतीत ड्रॉइंगचा वर्ग. फोटोग्राफीची मुलं इथे कुरकुरत येतात: आम्हाला कॅमेरा हवाय, चित्र कशाला? समोर मॉडेल उभं राहतं, तीस सेकंदांत पोझ बदलतं. नाक-डोळे काढायला वेळच नाही. वजन कुठल्या पायावर आहे तेवढं पकडायचं. मग घरचा अभ्यास: पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या पायऱ्या, कोळशाने, एकसारख्या.

हा कंटाळवाणा अभ्यास डार्करूममध्ये कामाला येतो. अँसल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या फोटोग्राफरांनी १९४० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या एका कलाशाळेत शिकवताना झोन सिस्टिम बसवली. शून्यापासून दहापर्यंत उजेडाच्या अकरा पायऱ्या. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर बिचारं सगळ्या जगाला मधली, पाचवी पायरी समजतं. बर्फ दाखवा, राखाडी. काळी म्हैस दाखवा, तीही राखाडी. बर्फ पांढरा आणि म्हैस काळी ठेवायची तर मीटरचं न ऐकता किती उजेड द्यायचा, हे माणसाने ठरवायचं. ज्याने कोळशाने अकरा चौकोन घासलेत त्याला हे एका वाक्यात कळतं. बाकीच्यांना पूर्ण सत्र लागतं.

(सॅन फ्रान्सिस्को. टेकडीवरची जुनी इमारत, बंद दार.)

याच अ‍ॅडम्सने १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या खासगी कलाशाळेत फोटोग्राफीचा विभाग उभा केला. फोटोग्राफीला ललितकला म्हणून शिकवणाऱ्या अमेरिकेतल्या पहिल्या विभागांपैकी तो एक. शाळा १८७१ ची. तिच्या भिंतीवर मेक्सिकन चित्रकार दिएगो रिवेराचं १९३१ चं भित्तिचित्र. शेवटच्या काही वर्षांत तिथली फी वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या वर गेली होती. २०२२ मध्ये शिकवणं बंद पडलं, २०२३ मध्ये दिवाळखोरी.

त्याच शहरातल्या सरकारी सिटी कॉलेजकडेही एक रिवेरा आहे. ७४ फूट लांब, २२ फूट उंच. १९४० मध्ये ट्रेझर आयलंडवरच्या जागतिक प्रदर्शनात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत त्याने तो रंगवला. त्यात त्याची चित्रकार बायको फ्रिडा काहलोही आहे. कॉलेजच्या नव्या ग्रंथालयात तो लावायचा होता. युद्ध आलं, ग्रंथालय बारगळलं आणि चित्राच्या फळ्या वीसेक वर्षं गोदामात पडून राहिल्या. १९६१ मध्ये नाट्यगृहात जागा मिळाली. २०२१ मध्ये तो शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात पाहुणा म्हणून गेला, तेव्हा लोकांनी तो विनातिकीट पाहिला.

या कॉलेजचंही सगळं सुरळीत नव्हतं. २०१३ मध्ये त्याची मान्यता काढून घ्यायचा निर्णय झाला. चार वर्षांच्या भांडणानंतर ती पुन्हा पक्की झाली. त्याच २०१७ मध्ये शहराने आपल्या रहिवाशांना इथली शिकवणी फी माफ केली. म्हणजे त्यांच्यासाठी आपले ते १३८ डॉलरही गेले.

(वर्ग. भिंतीवर टाचलेले प्रिंट.)

इथून कोण पुढे गेलं, असं पालक विचारतातच. कलाकार बेटी सार पॅसाडेना सिटी कॉलेजातून. चित्रकार केरी जेम्स मार्शल लॉस एंजेलिस सिटी कॉलेजातून. २०१८ मध्ये त्याचं एक चित्र लिलावात २ कोटी ११ लाख डॉलरला गेलं. पालकांचं समाधान झालं असेल, तर पुन्हा बसवाल्या आजोबांकडे येऊ.

कारण सरकारची खरी अडचण तेच आहेत. २००८ च्या मंदीनंतर राज्याकडे पैसा आटला आणि विचारणा झाली: तोच मातीकामाचा, तोच छपाईचा वर्ग दहा-दहा वर्षं करणाऱ्यांचा खर्च आम्ही का उचलायचा? २०१३ पासून नियम आला. कलेचा किंवा खेळाचा कोर्स एकदा पास झालात, की बहुतेक ठिकाणी तो परत घेता येत नाही. हिशेब समजतो. पदवीसाठी धडपडणाऱ्या मुलीला जागा मिळायलाच हवी. पण वर्ग बंद म्हणजे डार्करूम बंद, आणि छपाई हे पाच-पाच वर्षं हात बसवायचं काम आहे, हे नियम करणाऱ्यांच्या हिशेबात कुठेच नव्हतं.

विभागांनी वाटा काढल्या. एका कोर्सचे दोन पायऱ्यांत दोन केले, कुठे पोर्ट्रेटचा वेगळा काढला, कुठे क्रेडिट नसलेले वर्ग काढून वयस्कर मंडळींना तिकडे वळवलं. ज्यांचे सगळे फोटोग्राफीचे कोर्स संपलेत ते आता प्रिंटमेकिंगला नाव घालतात. फोटोवरून पॉलिमर प्लेट बनवायची, शाई लावायची, प्रेसमधून काढायची. तिथे प्लेट उजेडात धरताना टेस्ट स्ट्रिप करावी लागते, आणि ती वर्गात सर्वांत आधी कोणाची बरोबर येते हे बाईंना नाव न बघता कळतं.