शॉक नव्हे, फेफरं

मघाशी दारातच एका काकांनी विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे अजून शॉक देतात?" मी म्हटलं, "शॉक नाही काका, फिट देतो." काका दोन पावलं मागे सरले. (हशा) पण मी अगदी मनापासून बोललो. गंभीर मानसिक आजारात डोक्याला वीज देऊन मुद्दाम फिट, म्हणजे फेफरं, आणायचं, असा हा उपचार, ईसीटी. 'शॉक' या शब्दावर माझा जुना राग आहे. त्या एका शब्दाला घाबरून नातेवाईक संमतीची सही करत नाहीत आणि अन्नपाणी सोडलेल्या बाईला तशीच घरी नेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मुळात या उपचारात वीज नव्हतीच. होता कापूर! १९३४च्या जानेवारीत बुडापेस्टमध्ये लादिस्लास मेडुना या डॉक्टरने तेलात विरघळवलेला कापूर रुग्णाला टोचला, तो मुद्दाम फेफरं आणायला. फेफऱ्याच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लिया पेशी (चेतापेशींना आधार देणाऱ्या) भरपूर आणि स्किझोफ्रेनियात, म्हणजे भास-भ्रमांच्या मानसिक आजारात, कमी, असं त्याला दिसलं होतं. म्हणजे हे दोन आजार एकमेकांचे वैरी, असा त्याचा हिशोब. हिशोब चुकला, दोन्ही आजार एकाच माणसात नांदतात. रुग्ण मात्र सुधारले. पंचाईत एवढीच, की कापूर टोचल्यावर फिट कधी येईल याचा नेम नाही. तोवर रुग्ण जीव मुठीत धरून पडलेला.

आता रोमला चला, ही गोष्ट मला फार आवडते. उगो चेर्लेत्ती फेफऱ्याचाच अभ्यास करत होता. कुत्र्याच्या तोंडात एक तार, गुदद्वारात दुसरी. वीज हृदयातून जायची, कुत्री मरायची. त्याचा सहकारी लुचिओ बिनी याचं म्हणणं, तारा कानशिलांना लावू. पण माणसाला ते झेपेल? तेवढ्यात कळलं, गावच्या कत्तलखान्यात डुकरं विजेने मारतात. चेर्लेत्ती बघायला गेला, तर डुकरं विजेने मरतच नव्हती! डोक्याला चिमटा लावला की फिट येऊन आडवी व्हायची, आणि खाटीक तेवढ्यात सुरी चालवायचा. ज्याच्यावर सुरी चालली नाही ते डुक्कर थोड्या वेळाने उठून चालू लागायचं. धीर आला. एप्रिल १९३८मध्ये पहिल्या माणसावर प्रयोग झाला.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. ज्यासाठी बोलावलंत ते, म्हणजे आमची फिट आणि आजारातलं फेफरं यांचं नातं, आता भराभर सांगतो.

आम्ही आणलेली फिट आणि अंगभर येणारं फेफरं, दोन्हींत मेंदूतल्या विजेचा आलेख फार सारखा. आधी दाट टोकदार लाटा, मग झटक्यांच्या तालावर संथ होत जाणाऱ्या, मग एकदम सपाट. नंतरचा गोंधळ, डोकेदुखी सारखी. रक्तातलं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक दोन्हींत वाढतं. फरक शरीराकडे: आमच्याकडे भूल असते, स्नायू सैल करणारं औषध असतं, म्हणून हाडं मोडत नाहीत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर भुलेशिवाय हा उपचार करायला बंदीच आहे. स्नायू सैल करणारं ते औषध देण्याआधी आम्ही एका घोट्यावर रक्तदाबाचा पट्टा आवळतो, म्हणजे औषध त्या पावलात उतरत नाही. सगळं अंग शांत आणि एकटं पाऊल उडतंय. त्याच्याकडे बघत मी सेकंद मोजतो. साधारण अर्धा ते एक मिनिट.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. फिट थांबते कारण मेंदू स्वतः तिला आवरतो. दर खेपेला ही आवरायची ताकद वाढत जाते, पुढची फिट आणायला जास्त वीज लागते. म्हणूनच औषधांना दाद न देणारं, थांबतच नसलेलं फेफरं थांबवायला क्वचित हाच उपचार केला जातो. काका, तुम्ही मागे बसलाय ना? फेफऱ्यावर फेफरं!