वीज केंद्रावर घिरट्या घालणारा ड्रोन: पाडायचा की आधी ओळखायचा?

नमस्कार मंडळी!

सोलापूरजवळ फताटेवाडीकडे गेलात की एनटीपीसीच्या वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसतात. ६६० मेगावॅटचे दोन संच आहेत तिथे. शिवाय ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि दक्षिण भारताचं ग्रीड, म्हणजे विजेचं जाळं, उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. विजेच्या नकाशावर आपलं सोलापूर लहान गाव नाही, बरं का.

आता समजा, अशा एखाद्या केंद्राच्या कुंपणावर ड्रोन दिसला. कॉमेंटमध्ये लगेच येतं, "गोळी घाला!" थांबा जरा. आजूबाजूला ऊस आहे, डाळिंब आहे, फवारणीचे ड्रोन फिरतात. लग्नसराईत तर विचारूच नका. तो कुणाचा, हे आधी कळायला हवं.

त्यासाठी पहिला पहारेकरी म्हणजे रेडिओ सेन्सर. ड्रोन आणि रिमोट यांच्यात चाललेलं बोलणं तो ऐकतो. चांगली यंत्रणा असेल तर उडवणारा कुठे उभा आहे, तेही सांगते. माझ्या मते हे सगळ्यात मोलाचं, कारण पोलिसांना आभाळात नाही, बांधावर जायचं असतं.

पण काही ड्रोन बोलतच नाहीत. युक्रेनच्या युद्धात बारीक फायबरची तार मागे सोडत जाणारे ड्रोन आले. रेडिओच नाही, तर ऐकणार काय आणि जॅम करणार काय? तिथे रडार आणि कॅमेरा लागतो. रडारला मात्र पक्षीही दिसतात. उजनी धरणावर रोहित पक्षी उतरतात त्या दिवसांत त्याची काय अवस्था होईल, विचार करा! म्हणून ड्रोनच्या पंख्यांच्या फिरण्याने लहरींत पडणारा फरक बघून तो पक्षी की यंत्र हे ठरवतात.

जॅमर, म्हणजे ड्रोनचे रेडिओ सिग्नल दाबून टाकणारं यंत्र, हा काही खेळ नाही. सरकारी परवानगीशिवाय तो वापरता येत नाही, आणि जीपीएस दाबलं तर जवळच्या विमानालाही त्रास. होटगी रोडचं विमानतळ आठवतंय ना? ड्रोन पाडलाच, तर तो पडणार कुठे, हाही प्रश्न आहेच.

धोका खोटा नाही. २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेल प्रकल्पावर हल्ला झाला आणि देशाचं जवळपास निम्मं तेल उत्पादन थांबलं. २०२१ च्या जूनमध्ये जम्मूच्या हवाई तळावर ड्रोनमधून स्फोटकं पडली.

युक्रेनने ट्रान्सफॉर्मरभोवती काँक्रीट, दगड भरलेले जाळीचे पिंजरे, वरून जाळी असं सगळं उभं केलं. दिसायला अगदीच साधं. पण मोठा ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही, बनवून यायला महिनोन्‌महिने जातात. आपल्याकडे जॅमरच्या बातम्या होतात, भिंतीच्या होत नाहीत!

तुम्ही ड्रोन उडवत असाल, तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा उघडा. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवायचा नाही. आणि केंद्रावर अनोळखी ड्रोन दिसला तर दगड मारू नका, ११२ लावा.