दोन दिवसांचा रिपोर्ट

[दृश्य : निर्जंतुक डबी. लेबलवर नमुना घेतल्याची वेळ.]

ही लघवीच्या नमुन्याची डबी. आजार कोणत्या जिवाणूमुळे आणि त्यावर कोणतं औषध चालेल, हे सांगणाऱ्या रिपोर्टची सुरुवात इथून. लेबलवर नावाखालोखाल महत्त्वाची असते ती वेळ. ई. कोलाय या जिवाणूला हवी तशी ऊब आणि खुराक मिळाला, तर २० मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन तासांत ६४. डबी टेबलावर नुसती पडून राहिली, तर त्वचेवरून चुकून आत आलेले चार-दोन जिवाणूही गर्दी करतात आणि आजार नेमका कुणामुळे, ते कळेनासं होतं. म्हणून नमुना दोन तासांच्या आत कल्चरला, म्हणजे जिवाणू वाढवायला, लावायचा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवायचा.

आणि नमुना घ्यायचा तो अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी. नंतर घेतला तर रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’, म्हणजे काहीच वाढलं नाही, असं येऊ शकतं, आजार मात्र जागच्या जागी.

[दृश्य : लूप ताटलीवर फिरते आहे.]

ही लूप. हिच्या टोकाच्या कडीत मिलिलिटरचा हजारावा भाग मावतो. तेवढा थेंब ताटलीवर पसरायचा आणि ताटली ३५ ते ३७ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवायची. जिथे एक जिवाणू पडला, तिथे सकाळी डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका उगवतो. ही कॉलनी. १०० कॉलन्या मोजल्या, तर मिलिलिटरला १ लाख जिवाणू. सरळ हिशेब.

ताटलीतली जेली अगारची, समुद्री शेवाळापासून काढलेली. १८८१ साली फॅनी हेस यांनी ती सुचवली. तोवर जिलेटिन वापरत. ते उबेत वितळायचं, आणि काही जिवाणू तर ते पचवूनच टाकायचे. त्यांचे पती ज्यांच्या प्रयोगशाळेत काम करत, त्या जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या १८८२ सालच्या लेखात अगारचा उल्लेख आहे, हेसबाईंचा नाही.

[दृश्य : मॅकॉन्की अगारवर गुलाबी कॉलन्या.]

सकाळ झाली. कॉलन्या गुलाबी, म्हणजे हा जिवाणू लॅक्टोज ही दुधातली साखर आंबवतो. एक कॉलनी काचपट्टीवर घेऊन ग्राम स्टेन करायचा, म्हणजे रंग देऊन जिवाणू कोणत्या गटातला ते पाहायचं. आधी जांभळा रंग, मग आयोडिन, मग अल्कोहोलची धुणी, शेवटी लाल रंग. ज्यांची भिंत जाड, ते जांभळे राहतात. बाकीचे गुलाबी दिसतात. १८८४ सालची ही युक्ती अजून रोज वापरात आहे. पुढची ओळख पटवायला कोणती साखर आंबते, कोणतं रसायन बदलतं, अशा चाचण्यांची रांग लावावी लागे. आता मॅल्डी-टॉफ यंत्र लेझरने जिवाणूची प्रथिनं मोकळी करतं आणि त्यांच्या वस्तुमानाच्या आलेखावरून काही मिनिटांत नाव सांगतं.

ई. कोलाय. ठीक. पण एक ई. कोलाय साध्या गोळीने आटोपतो आणि दुसरा त्याच गोळीला दाद देत नाही. नावावरून ते कळत नाही. त्यासाठी दुसरी रात्र.

[दृश्य : म्युलर-हिंटन अगारची ताटली. चिमट्याने चकत्या ठेवल्या जात आहेत.]

ताटलीभर जिवाणू पसरले आहेत. त्यांवर औषधात भिजवलेल्या कागदी चकत्या, म्हणजे डिस्क. औषध डिस्कमधून भोवती झिरपतं. जिथवर जिवाणू त्यापुढे टिकत नाहीत, तिथवर स्वच्छ वर्तुळ उरतं. हा झोन. पट्टी लावून मिलिमीटरमध्ये मोजायचा आणि तक्त्याशी ताडून पाहायचा : एस की आर, सेन्सिटिव्ह की रेझिस्टंट, म्हणजे औषधाला बळी पडणारा की दाद न देणारा. या पद्धतीला १९६६ साली बॉअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी शिस्त लावली. अगारचा थर ४ मिलिमीटरचाच का? थर पातळ झाला तर औषध आडवं दूरवर पसरतं, झोन फुगतो आणि न चालणारं औषध चालतं असं दिसतं. ताटली ओतताना हात जरा इकडेतिकडे झाला, तर चुकीची गोळी पेशंटपर्यंत पोहोचते.

आता ही दुसरी ताटली नीट बघा. ही पुवाच्या नमुन्याची. जिवाणू स्टॅफिलोकॉकस ऑरियस. शेजारी शेजारी दोन डिस्क आहेत, एरिथ्रोमायसिन आणि क्लिंडामायसिन. एरिथ्रोमायसिनभोवती झोन जवळजवळ नाही. क्लिंडामायसिनभोवती मोठा आहे, पण शेजारच्या डिस्ककडची त्याची बाजू चपटी झाली आहे, इंग्रजी डी अक्षरासारखी. एरिथ्रोमायसिनची चाहूल लागताच या जिवाणूने आपल्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेवर, एक रासायनिक खूण चढवली, आणि तीच खूण क्लिंडामायसिनलाही चिकटू देत नाही. डिस्क दूर ठेवल्या असत्या, तर झोन गोल आला असता, रिपोर्टवर ‘एस’ पडलं असतं आणि उपचार फसण्याचा धोका राहिला असता.

[दृश्य : मखमलीचा तुकडा एका ताटलीवरून दुसऱ्या ताटलीवर.]

‘शरीराला औषधाची सवय झाली’ असं लोक सर्रास म्हणतात. शरीराचा इथे संबंध नाही. बदलतात ते जिवाणू. आणि बऱ्याचदा बदल औषध येण्याआधीच झालेला असतो. १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या शास्त्रज्ञ दांपत्याने कॉलन्यांचा ठसा मखमलीवर घेतला आणि तोच ठसा औषध घातलेल्या ताटल्यांवर उमटवला. ठरावीक जागच्याच कॉलन्या वाढल्या. मूळ ताटलीला औषध शिवलंही नव्हतं, तरी तिच्यातल्या त्याच जागी रेझिस्टंट जिवाणू सापडले. औषधाने फक्त बाकीच्यांना मारून त्यांना मैदान मोकळं करून दिलं. पुढे प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या लहान कड्यांवरून औषधाला दाद न देणारी ही जनुकं एका जातीतून दुसऱ्या जातीत जातात. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम तर १९४० सालीच नोंदवलं गेलं होतं. त्या औषधाने ऑक्सफर्डमध्ये पहिल्या पेशंटच्या संसर्गावर उपचार सुरू झाले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये.

२०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले, असा जागतिक अंदाज आहे.

[दृश्य : छापील रिपोर्ट.]

सेप्सिसचा, म्हणजे संसर्गाने जीव धोक्यात आलेला पेशंट दोन दिवस थांबू शकत नाही. डॉक्टर अंदाजाने व्यापक, म्हणजे अनेक जिवाणूंवर चालणारं औषध सुरू करतात, आणि रिपोर्ट आला की नेमक्या औषधावर येतात. किंवा यायला हवं. पेशंटला बरं वाटतंय, मग कशाला बदला, असं म्हणून अनेकदा रिपोर्ट फाइलमध्येच राहतो. मला विचाराल तर दोन रात्रींची मेहनत वाया जाते ती इथे.

तो पहिला अंदाजही हवेतला नसतो. प्रयोगशाळा वर्षभराचे निकाल एका तक्त्यात भरते : कोणता जिवाणू, कोणत्या औषधाला किती टक्के सेन्सिटिव्ह. हा अँटिबायोग्राम. एका जिवाणूचे किमान ३० पेशंट झाल्याशिवाय सहसा टक्केवारी छापत नाहीत, आणि त्याच पेशंटचा तोच जिवाणू पुन्हा आला तर पहिलाच धरतात. रात्री तापाने फणफणलेला पेशंट आला, की पहिला डोस लिहिण्याआधी डॉक्टर हाच तक्ता बघतात.